कढईतलं बेअरिंग

जर्मन लढाईत मेसोपोटेमियात मी फौजेच्या मोटार ट्रान्सपोर्ट कंपनीत लॉरी ड्रायव्हर होतो. लढाईनंतर फौजेतून नाव कटवून सोलापूरला आलो, शुक्रवार पेठेत बिऱ्हाड केलं आणि एक जुनी मोटार घेऊन भाड्यानं चालवू लागलो.

एका शनिवारी सात रस्त्याहून परतताना मागं बसलेली माझी बायको चंद्रा म्हणाली, “आवं, माझ्याखाली जातं फिरतंय.”

मी कान दिला. मागच्या उजव्या चाकाचं बेअरिंग गेलं होतं.

मेस्त्री म्हणाला, चार दिवस लागतील. माझ्याकडं एकच होता. मंगळवेढ्याजवळच्या वाडीवर बायजाक्का राहायची. तिचा मुलगा सदोबा माझ्या कंपनीत होता, तिकडंच पडला. बायजाक्काच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. परगावचे डॉक्टर सोमवारी सोलापुरात ऑपरेशनं करून लगेच जाणार होते. रविवारी तिला आणायचा शब्द मी दिला होता. नवं बेअरिंग विकत घेऊन घरी आलो.

रविवारी सकाळी सातला अंगणात जॅक लावला. शेजारचे हुसेनभाई लोहार मदतीला आले. चाक काढलं, हब सोडवला, चाकाचा आस म्हणजे अॅक्सल बाहेर ओढला. साडेनऊ वाजले. जुनं बेअरिंग अॅक्सलवर घट्ट बसलं होतं, कशानं हलेना. त्याची आतली पोलादी कडी छिन्नीनं फोडायची, एवढाच मार्ग उरला. छिन्नी घसरली असती तर अॅक्सल गेला असता, आणि तो सोलापुरात कुठंही मिळाला नसता.

हुसेनभाईंनी छिन्नी टेकवली. “हात नक्को हलाव.”

मी अॅक्सल गच्च धरला. तिसऱ्या घावाला कडी तडकली. अॅक्सलवर ओरखडा नव्हता.

नवं बेअरिंग तापवून, जरा फुगवून बसवावं लागतं. कंपनीत आम्ही ते तेलाच्या डब्यात तापवायचो. घरात तसा डबा नव्हता. चंद्रानं कढई दिली, पण चुलीपासून हलली नाही.

“किती येळ?”

“दहा-पंधरा मिनिटं.”

“करपंल की.”

“लोखंड हाय ते.”

“लोखंड न्हाई वो, त्याल करपंल.”

तिनं पिठाची गोळी तेलात सोडली. गोळी तरंगून वर आली.

“आता काढा.”

बेअरिंग अर्ध्यात अडकलं तर तिथंच थंड होऊन पकडतं. मी ते सांडशीनं उचललं, अॅक्सलवर धरलं. एका दमात जागेवर गेलं. इतकं सरळ कंपनीतसुद्धा कधी गेलं नव्हतं. हुसेनभाई चंद्राकडं बघून म्हणाले, “भाभी, तुम मेस्त्री, हम हेल्पर.” ती हसून आत गेली आणि कढई राखेनं घासायला बसली.

बाराला गाडी तयार झाली. दिवेलागणीला बायजाक्काला घेऊन परत आलो. सोमवारी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. आठवडाभर ती आमच्याकडंच राहिली. आठव्या दिवशी इथल्या डॉक्टरांनी पट्टी सोडली. ती माझ्याकडं बघत राहिली.

“लई काळा हायस की रं. सदू गोरा हुता.”

“व्हय, आक्का.”

त्या दुपारी ओसरीवर तिनं विचारलं, “माझं लेकरू कसं गेलं?”

तिकडून तिला धाडलेल्या पत्रात मी ‘तापानं गेला’ असं लिहवलं होतं. आता खरं सांगितलं. लॉऱ्यांच्या ताफ्यात, कॉन्व्हॉयमध्ये, आमची लॉरी वाळूत रुतली, इंजिन तापलं. सदोबा पाण्याचा डबा घेऊन पुढं गेला. गोळी लागली.

“काय बोलला का?”

“म्हणाला, पाणी सांडू नगंस, इंजनाला लागंल.”

ती थोडं हसली. “त्याचंच बोलणं हाय.” मग पदरानं हलकेच गाल पुसला. डोळ्याला हात लावायचा नव्हता.

“आणि कोण गेलं त्या दिशी?”

“दोघं. गणू शिंदे आणि रहिमान.”

“त्यांच्या आयांना कुणी सांगितलं?”

मला माहीत नव्हतं. तसं म्हणालो.

तिनं दोघांची नावं माझ्याकडून पुन्हा वदवून घेतली. मग सदोबाच्या नावाला जोडून, तिन्ही नावं स्वतः एकदा म्हटली.