सुकटीची टेस्ट

आमच्या घरातली करोनाची पहिली टेस्ट सुकटीवर झाली. ती काढली माझ्या सासूबाईंनी, आणि तिला ना लॅब लागली ना रिपोर्ट.

सुकट म्हणजे वाळवलेली बारकी कोळंबी. पावसाळ्याची बेगमी म्हणून आमच्याकडे मे महिन्यात डबे भरून ठेवतात. दुसऱ्या लाटेत टीव्हीवरून सासूबाईंना कळलं की हा रोग झाला की नाकाला वास येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मागच्या पडवीतल्या चुलीवर तवा ठेवला, मूठभर सुकट टाकली आणि आत हाक मारली, "या सगली! वास येतो का सांगा!"

आम्ही घरात चौघं. मी, माझे मिस्टर, आमची बारावीतली मुलगी आणि आई. आई म्हणजे सासूबाईच, मी त्यांना आईच म्हणते. मी महाडची, चवदार तळ्याच्या मागच्या आळीत वाढलेली आणि पेशाने शिक्षिका. दात घासायच्या आधी कुणी नाकाखाली सुकट धरायची ही माझ्या कल्पनेतली सकाळ नव्हती. "आई, मोबाईलवर वर्ग सुरू व्हायचाय माझा," मी म्हणायची. "तुझी पोरां काय पलून जात नायत. वास घे आधी." घ्यावाच लागायचा.

टेस्टचे नियम कडक होते. नुसतं "येतो" म्हणून चालत नसे, कसला येतो ते सांगावं लागे. हिंग, कॉफी, अगरबत्ती काही मंजूर नव्हतं. "हिंगाचा वास मेलेल्या माणसाला पन येल," त्या म्हणायच्या. आणि सोमवारी, गुरुवारी, शनिवारी टेस्ट बंद. त्या दिवशी आमच्याकडे मासळी शिजत नाही, मग सुकट कशी भाजणार? मी एकदा म्हटलं, "करोनाला कुठे ठाऊक आहे आज शनिवार आहे?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गुपचूप चहाचं भांडं घासायला घेतलं.

या टेस्टने एकच बळी घेतला, आमच्या मिस्टरांचा. ते महाडच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत आहेत. त्यांचं नाक तिथे इतकं झिजलंय की त्यांना साधा पेट्रोलचाही वास धड येत नाही. एका सकाळी सर्दी होती म्हणून ते म्हणाले, "आज काही कळत नाय बुवा." झालं! त्यांची वळकटी पुढच्या खोलीत, ताट दाराबाहेर, आणि आई लांबून काठीने पाण्याचा तांब्या आत सरकवतायत. शेवटी ते तालुक्याला जाऊन नाकात काडी घालून आले. रिपोर्ट आला, काही नाही. आई म्हणाल्या, "माझ्या सुकटीची चूक नाय ती, तुझ्या कंपनीची हाय."

आम्ही हसत होतो खरे, पण लसीचं कोडं काही सुटलेलं नव्हतं. मी आईंना दोनदा तालुक्याला, पोलादपूरला घेऊन गेले होते. पहिल्यांदा रांगेत आमचा नंबर येईस्तोवर साठा संपला. दुसऱ्यांदा लसच आली नव्हती. तिसऱ्यांदा निघायचं म्हटलं तर त्या उंबऱ्यावर बसूनच राहिल्या. "दोनदा देवलात गेलो आनि दार बंद, तिसऱ्यांदा कोन जातो? मला सुकट हाय." माझा पारा चढला. सुकट औषध नाही, सुकट लस नाही, सुकट फक्त सुकट आहे, असं मी चांगलं वर्गात सांगते तसं सांगितलं. त्या ऐकून घेतात आणि करतात मनाचंच. कुडपणच्या माणसांचं डोकं तिथल्या कातळासारखं असतं असं आमचे मिस्टर म्हणतात, आणि आई माहेरच्या कुडपणच्या.

पाऊस सुरू झाला आणि बारावीची परीक्षाच रद्द झाल्याची बातमी आली. आमची कन्या आनंदाने घरभर नाचली. आईंना मात्र काळजी पडली. परीक्षा न देता नात पास होणार, मग गावाची दृष्ट लागणार नाही तर काय? तो शनिवार होता. तिन्हीसांजेला त्यांनी नातीला पाटावर बसवलं, मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या मुठीत घेतल्या, पुटपुटत तिच्यावरून ओवाळल्या आणि मूठ पडवीतल्या चुलीत टाकली.

आमच्याकडची समजूत अशी की मिरच्या जळून खाट, म्हणजे ठसका आणणारा वास, उठला तर माणसाला दृष्ट नव्हती. वासच आला नाही तर समजायचं, दृष्ट होती आणि ती जळून गेली.

त्या संध्याकाळी असा खाट उठला, असा उठला की काही विचारू नका. वारा आत येत होता. मुलगी खोकत खोकत अंगणात पळाली. मिस्टर टॉवेल तोंडाला लावून ओरडले, "आये, किती टाकल्यास मिरच्या!" माझ्या डोळ्यांतून तर धारा लागल्या. आणि चुलीपाशी आई, डोळे पदराने पुसत, समाधानाने मान हलवत म्हणाल्या, "बघा. जरासुद्धा वास नाय आला. केवडी दृष्ट लागली व्हती पोरीला!"

मिस्टरांनी तोंडावरचा टॉवेल खाली घेतला.

"आई," मी म्हटलं, "तुम्हाला वास येत नाही?"

"धूर गेला डोल्यात. वास कुठाय? दृष्टच व्हती ती."

आम्हा तिघांना एकदमच कळलं. रोज आम्हाला ओळीत उभं करून विचारणाऱ्या बाईला कुणी एकदाही विचारलं नव्हतं. शुक्रवारी सुकट जरा काळपट झाली होती आणि त्या म्हणाल्या होत्या, "आज तवा लवकर तापला." मी ती काळपट सुकट भाकरीबरोबर खाल्लीसुद्धा.

मिस्टरांनी रात्रीच ओळखीच्या मेडिकलवाल्याला फोन केला आणि सकाळी महाडहून घरी करायचं टेस्ट किट आणलं. तेव्हा ते नुकतंच मिळायला लागलं होतं. मुलीने मोबाईलवर वाचून दाखवलं, मी आईंच्या नाकात काडी फिरवली, थेंब टाकले. आई त्या इवल्याशा पट्टीकडे बघून म्हणाल्या, "एवड्याशा कागदाला काय कलतंय?" आधी एक रेघ आली. मग दुसरी, हळूच.

सत्तरी पार केलेली बाई, लस नाही, छातीचा जुना दमा. मला भीती वाटली ती अजून अंगावर येते.

आईंना भीती एकाच गोष्टीची. त्यांची शेजारची मैत्रीण महिन्याभरापूर्वी गाडीतून कोविड सेंटरला गेली होती. तिचं तोंडसुद्धा परत कुणाला दिसलं नाही. "मला नेऊ नको गो," त्या म्हणाल्या. रडल्या नाहीत, हात जोडले नाहीत, सरळ सांगितलं. "काय व्हायचा तो हितं होऊ दे. माझ्या पडवीत."

डॉक्टर फोनवर म्हणाले, बोटाला लावायच्या यंत्रात आकडा नव्वदच्या खाली गेला तर हट्ट चालणार नाही. मी आईंना तसंच सांगितलं. "आकडा राहिला तर घरी. उतरला तर मी स्वतः गाडीत बसवणार, आणि तुम्ही शिव्या दिल्यात तरी चालेल." त्यांनी यंत्र बोटाला लावून घेतलं. मग म्हणाल्या, "बरा. पन तूच बस गाडीत बाजूला." मी हो म्हटलं. बसू देणार नाहीत हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

त्यांची खाट पुढच्या खोलीत गेली, मिस्टरांची वळकटी जिथे गेली होती तिथेच. मी लस घेतलेली, म्हणून आत जायची ती मी. तोंडाला दोन मास्क, अंगावर शाळेच्या स्नेहसंमेलनाचा प्लास्टिकचा रेनकोट. मिस्टर ओसरीवर बसून असायचे. रोज कंपनीत जाणारे घरात ते एकटेच, हे त्यांना कुणी बोलून दाखवलं नाही, पण ते जेवायचे नाहीत. आईंनीच आतून ओरडून सांगितलं, "जेव रे मेल्या! तुझ्या सर्दीला मी कोंडला व्हता तुला, आता फिटंफाट!" त्या दिवशी ते जेवले.

दोन दिवस आकडा नव्वदच्या आसपास घुटमळत होता. आई पालथ्या झोपायच्या, डॉक्टरांनी सांगितलं होतं तशा, आणि त्या अवस्थेत मला स्वयंपाकाच्या सूचना द्यायच्या. तांबड्या तांदळाची पेज मागायच्या, दोन घास घेऊन बाजूला सारायच्या. "कसलीच चव नाय. राख खाल्ल्यासारका." तिसऱ्या दिवशी आकडा वर चढला. मी ते यंत्र चार वेळा लावून बघितलं आणि मग न्हाणीघरात जाऊन मनसोक्त रडले. गाडी आमच्या दारात आली नाही.

मग जुलैतला तो पाऊस आला, महापुराचा आणि दरडींचा. त्या पावसाबद्दल आमच्या भागात कुणी सहज बोलत नाही, मीही इथे बोलणार नाही. आमचं घर राहिलं.

आई उठल्या, हिंडू फिरू लागल्या, पण नाक परत आलं नाही. आणि नाकाशिवाय आमच्या आई म्हणजे कोण, हे आम्हाला तेव्हा कळलं. दूध उतू जायच्या आधी त्यांना समजायचं. भात किती शिजलाय ते झाकण न काढता सांगायच्या. आता त्या चुलीकडे फिरकेनात. एकदा कालवण केलं, सगळं व्यवस्थित झालं होतं, तरी म्हणाल्या, "आंधल्यासारका ढवलला मी. तूच कर आता." सकाळची टेस्टही बंद झाली. गंमत बघा, मला ती हाक हवीशी वाटायला लागली होती.

दसऱ्याच्या सुमाराला त्यांना लस मिळाली. या वेळी दार उघडं होतं. इंजेक्शन देणाऱ्या मुलीला त्यांनी विचारलं, "यानं वास येल का गो परत?" ती बिचारी म्हणाली, "आजी, ते आपोआप येतं कधीतरी."

दिवाळी झाली. एका रविवारी सकाळी मी गॅसवर डाळ ठेवली आणि शाळेचा फोन आला. पोरांचे वर्ग, हजेरी, अमुक तमुक, मी बोलत बोलत ओटीवर गेले आणि डाळ साफ विसरले. आई मागे परसात, गोठ्याच्या पलीकडे, वाल पेरायला माती करत होत्या. तिथून स्वयंपाकघर दिसत नाही.

तिथून ओरडल्या, "अगो, डाल करपली! कुठं मेलीस?"

मी फोन तसाच टाकून धावले. डाळ बुडाला काळी झाली होती. गॅस बंद केला तोवर आई मातीच्या हातांनी दारात. "शाला शिकवतेस आनि डाल सांभालता येत नाय! वास केवडा सुटलाय, पार गोठ्यापतुर..."

आणि थांबल्या.

मी पळी धरून उभी होते. माझ्या तोंडून तोच जुना प्रश्न निघाला. "आई, वास येतो?"

त्या हळूच आत आल्या. भांड्यावर वाकल्या, डोळे मिटले, खोल श्वास घेतला. "येतो," म्हणाल्या. मग नियमाप्रमाणे पुढचंही सांगितलं, "करपलेल्या डालीचा. लसूनपन हाय. खोबरा कमी घातलायस."

मला हुंदकाच फुटला. पळी हातात, नाक गळतंय, चांगली पन्नाशीची बाई मी.

"रडतेस काय येडे?" आई म्हणाल्या. त्यांचाही आवाज काही सरळ नव्हता. मातीचा हात त्यांनी माझ्या पाठीवर ठेवला. "डालच करपली गो. कोन मेला नाय."