देवापुढचं पाकीट

आमच्या ह्यांचा पगार किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. दर एक तारखेला हे घरखर्चाचं पाकीट देवापुढे ठेवायचे, मी हळदकुंकू वाहून उचलायची. सासरची रीतच तशी. कापलं किती, उरलं किती, हे विचारणं म्हणजे नवऱ्यावर अविश्वास दाखवणं. मीही मैत्रिणींना तोऱ्यात सांगायची, "आमच्यात विचारत नाहीत."

घराच्या भावाला मात्र ही लाज नव्हती. जवळच विमानतळ होणार हे नक्की झाल्यापासून आमच्या सुकापुरात लिफ्टमध्ये, डेअरीवर, अगदी हळदीकुंकवालासुद्धा भावाचंच बोलणं. पगाराबद्दल मिठाची गुळणी धरून बसणारे हे, "आपला फ्लॅट कोटीच्या घरात गेला" असं रिक्षावाल्यालाही ऐकवायचे.

तळमजल्यावरच्या काकू मूळच्या इथल्या. आमची बिल्डिंग त्यांच्याच भातशेतीवर उभी आहे. त्यांना आडपडदा ठाऊक नाही. दिवाळीनंतर एकदा त्यांनी ह्यांना जिन्यातच गाठलं.

"भाऊ, तुमची कंपनी दवाखान्याचा खर्च देते का नाय? माज्या जावयाचा बंद केलाय."

"आमची सगळं देते," म्हणत हे भरभर वर आले. मला काकूंचा भयंकर राग आला. असं कुणी विचारतं का?

थंडीत ह्यांच्या छातीत दुखायला लागलं. कंपनीचं कार्ड आहे, तपासून तरी या, म्हणून मी रोज मागे लागले. "पित्त आहे गं," म्हणत हे गोळ्या चघळत राहिले. एका सकाळी बूट घालता घालता बसल्या जागी कोसळले.

हॉस्पिटलच्या काउंटरवर मी कार्ड पुढे केलं. तिथल्या मुलीने नंबर टाकून बघितला आणि कार्ड परत दिलं. "मॅडम, हे दिवाळीलाच बंद झालंय." डॉक्टर म्हणाले, दुखणं सुरू झालं तेव्हाच आणायला हवं होतं. संध्याकाळी हे गेले.

ह्यांचा तळोज्याच्या कंपनीतला सहकारी दहाव्याला आला, तेव्हा बोलला. दिवाळीत सगळ्या खात्याला कंत्राटावर टाकलं होतं. पगार कमी, मेडिक्लेम बंद. त्यानेही घरी सांगितलं नव्हतं. पाकिटातले पैसे मात्र कधी कमी झाले नाहीत, कारण हे बँकेतल्या ठेवी मोडून ते भरत होते. मला ह्यांचा अजूनही संताप येतो. कोटीच्या घरात राहणारा माणूस दवाखान्याच्या बिलाला घाबरून गोळ्या चघळत बसला.

भेटायला येणारे लोक चहा पिता पिता हळूच विचारायचे, फ्लॅट ठेवणार की विकणार, भाव काय येईल. काकू आल्या त्या सरळ माझ्याजवळ फरशीवर बसल्या.

"घरात पैसं हायत का गो?"

"नाहीत," मी म्हणाले आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून रडले.

एवढंच ह्यांनी मला सांगितलं असतं, तर मी त्याच दिवशी घर विकायला काढलं असतं.