शेवटचा फर्मा शिवू नका

बाइंडरला आपली वहिनी कितपत कळली होती? कुणी विचारलंच तर त्याने मान खाली घालून सांगितलं असतं, फारशी नाही. ती कॉलेजात शिकवायची, दीडशे वर्षांपूर्वी बायकांनी लिहिलेल्या कादंबऱ्या वाचायची आणि त्या खिळखिळ्या झाल्या की त्याच्या दुकानात आणून टाकायची. एवढंच. भिंतीला भिंत लागून घर असलं तरी माणूस माणसाला इतपतच ओळखतो.

तिची एक खोड मात्र त्याला पाठ होती. पुस्तक हातात देताना म्हणायची, "भाऊजी, शेवटचा फर्मा शिवू नका हं. वेगळा ठेवा." फर्मा म्हणजे घडी घालून एकत्र शिवायची पानं.

"पुस्तक लंगडं होईल की, वहिनी."

"लंगडं नाही, मोकळं होईल."

एकदा खळ ढवळता ढवळता त्याने भीतभीत कारण विचारलं. वहिनी स्टुलावर ऐसपैस बसली.

"या कादंबरीतली बाई नवऱ्याचं घर सोडते, शाळा काढते, सासऱ्याला दारातून परत पाठवते. अख्ख्या पुस्तकात कुणाला बधत नाही. आणि शेवटी तिला ताप येतो, सगळ्यांची क्षमा मागते नि मरते! तोवर लेखिका चुलीच्या धुराने डोळे कसे चुरचुरतात ते लिहीत असते. इथे मात्र नुसतं 'धन्य' आणि 'पावन'. ताप तिला नाही आला, भाऊजी. पुस्तक छापू देणाऱ्यांना आला. हा शेवट म्हणजे जकात. पण जकात भरली म्हणून माल काही नाकेदाराचा होत नाही."

बाइंडरने मान डोलावली. त्यानंतर तो शेवटचे फर्मे न सांगता वेगळे ठेवू लागला.

मग यावरच वहिनीचं पुस्तक आलं. कॉलेजच्या विभागाने ते छापून घेतलं. छापील फर्मे दुकानात आले, तेव्हा शेवटी चार पानं जास्तीची निघाली. विभागप्रमुखांचा समारोप! या लेखिका अखेर घरातच समाधान मानणाऱ्या होत्या, पुस्तकातला रोष वाचकांनी फार मनावर घेऊ नये, असं त्यात होतं. वहिनीला कुणी विचारलंही नव्हतं.

तिने ती पानं उभ्याउभ्याच वाचली, हसली आणि दुकानातला फोन उचलला.

प्रमुख लगोलग हजर झाले. "मॅडम, शेवट गोड नको का?"

"पुस्तक आहे सर, जेवण नाही."

"चार पानांसाठी एवढा आकांत?"

"चार पानांसाठीच. तेवढ्यातच तर या बायकांना मारत आलेत."

"बाइंडर, तुम्ही शिवा हो. काम विभागाचं आहे."

विभागाचं काम म्हणजे दुकानाची निम्मी भाकरी. वहिनीने त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्याला भिडेत पाडायचं नव्हतं तिला. ती प्रमुखांनाच म्हणाली, "शिवा खुशाल. पण आधी पहिल्या पानावरचं माझं नाव काढा. मग सांगा लोकांना, हे कुणी लिहिलं ते."

"हा हट्ट झाला."

"हो. हट्टच आहे."

जन्मात कुणाला उलटून न बोललेल्या बाइंडरने घसा खाकरला. "साहेब, ही चार पानं मी वेगळी बांधून देतो. ज्याला हवी त्याने मागून न्यावीत."

"पुन्हा तुमच्याकडे काम येणार नाही."

"बरं," बाइंडर म्हणाला, पण इतक्या बारीक आवाजात की वहिनीलाच मोठ्याने सांगावं लागलं, "ऐकलंत ना? बरं म्हणाले ते!"

प्रकाशन तोंडावर आलं होतं, दुसरा बाइंडर शोधायला सवड नव्हती. प्रमुख पाय आपटत गेले. पुस्तक त्या चार पानांवाचून निघालं, आणि विभागाचं काम खरंच बंद झालं. समारोप मागायला दोघंतिघं आले. वहिनीने तो स्वतःच्या हाताने दिला. "वाचू देत की. फरक तरी कळेल."

पुढच्या वर्षी ती गेली. तापानेच, आणि कुणाची क्षमाबिमा न मागता.

त्याच्या आदल्या आठवड्यात ती दुकानात डोकावली होती. "झाली का हो शिवून माझी कादंबरी, भाऊजी?"

"खळ ओली आहे अजून. उद्या न्या."

"आजच नेते. घरी पाटाखाली दाबून ठेवीन."

"पिशवी आणलीत?"

"आणलीय."