मालखान्यातला पुतळा

ती घटना आठवली नाही असा आठवडा जात नाही. तेव्हा मी भिलाईत, कॅम्प-1 भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो.

तिथल्या चौकात एका कामगार पुढाऱ्याचा छातीपर्यंतचा फायबरचा पुतळा होता. काहींसाठी तो देवमाणूस. काही म्हणत, त्याने संप ताणला म्हणून आमच्या चुली विझल्या. पुतळा हटवा आणि हटवू नका, असे दोन्ही मोर्चे मी सांभाळले. शेवटी हटवण्याचा आदेश निघाला, आणि प्रत्यक्ष हटवायच्या आदल्या दिवशी पुतळाच नाहीसा झाला. दोन्ही गट एकमेकांवर चोरीचा आरोप करत ठाण्यात आले.

चौकातला पानवाला आमचा खबऱ्या. त्याने सांगितलं, हेल्मेट घातलेल्या एका म्हाताऱ्याने भरदुपारी पाना लावून पुतळा काढला आणि सायकलला बांधून नेला. आदेश निघालेलाच होता. सगळ्यांना तो सरकारी माणूस वाटला.

पंचनाम्याला मी चौथऱ्यावर चढलो. चारही बोल्टांना तेल दिलेलं होतं आणि काढलेले नट परत आपापल्या बोल्टवर फिरवून ठेवले होते. चोर असं करत नाही. जुना फिटर करतो. माझे बाबा घरचा पंखा उघडला तरी असंच करायचे. पुढाऱ्याच्या जुन्या सोबत्यांत फिटर कोण, हे शोधलं. विदर्भातून आलेला एकच निघाला, कधीकाळी पुढाऱ्याच्याच खोलीत राहिलेला.

हिंदीतून दोन तास दरडावलं, पण म्हातारा गप्प. मग मी खुर्ची जवळ ओढली आणि आमच्या वऱ्हाडीत कारण विचारलं.

“काका, कावून नेला?”

त्याने मान वर केली. “आपलेच हाय काय तुम्ही? बाबूजी काय करत?”

“फिटर होते.”

“तरीच सापडलो,” तो हसला. मग हळूच म्हणाला, “तो चांगला होता का वाईट, मले नका विचारू. त्या संपात माझीबी नोकरी गेली. पन त्याचा एक फोटो नाही माझ्यापाशी. हे लोक तोडून फेकतीन, तं मी त्याले पाहू कुठी?”

“पुतळा कुठी हाय सांगा. तो तुमच्यापाशीच राहीन, हा माझा शब्द.”

त्याने लगेच सांगितलं. घरामागे पत्र्याखाली, धुऊन पुसून, रजईत गुंडाळलेला.

पुतळा मुद्देमाल म्हणून जप्त होऊन, सील लागून ठाण्याच्या मालखान्यात गेला, म्हाताऱ्याला जामीन मिळाला. पुतळा ताब्यात मिळावा म्हणून त्याने कोर्टात अर्ज केला. कोर्टाने आमचं मत मागवलं. वरिष्ठ म्हणाले, नवी भानगड नको. मी लिहिलं, ‘पुतळा दिल्यास शांतताभंगाची शक्यता.’ खाली सही माझी. अर्ज फेटाळला गेला.

त्यानंतर तो दर मंगळवारी ठाण्यात येऊन बाकावर बसायचा. माझा शब्द त्याने कधी काढला नाही. एकदाच म्हणाला, “साहेब, धूळ बसली असंन. तोंड तरी पुसू द्या.” कोर्टाच्या हुकमाशिवाय सील फोडता येत नाही, हा नियम मी त्याला सांगितला. पुढे दोन मंगळवार बाक रिकामा राहिला. चौकशी केली तर कळलं, तो वारला.

चौकात कोण असावं, कोण नसावं, हे लोकांनी भांडून ठरवावं. त्यात मला मत नाही. पण हटवलेल्याची आठवण कोणाला येईल, हे विचारायची पाळी माझ्यावर आली होती. मी ते विचारलं, उत्तरही मिळालं, आणि मी ते फक्त गुन्हा उघडकीस आणायला वापरलं.

मुदतीआधी नोकरी सोडली, तेव्हा चार्ज देताना मालखान्यात गेलो. कापडात शिवलेला पुतळा कोपऱ्यात होता, लाखेवर माझंच सील. खिशातला रुमाल हातात घेऊन बराच वेळ उभा राहिलो.

सील मी त्या दिवशीही फोडलं नाही.