नागावच्या वाळूत रुतलेली मोटर

भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता... खरं सांगायचं तर भुताचा माझ्यावर नव्हता. एवढ्या भित्र्या माणसाला भिववून भुताला काय मिळणार? मला लिहिता येत न्हाय. शेजारचे मास्तर लिहून घेतायत. चुका त्यांच्या, बढाया माझ्या.

तेव्हा मी मुंबईत एका वकीलसाहेबांच्या मोटरीवर ड्रायवर होतो. नाताळच्या सुट्टीत साहेब त्यांच्या आईला घेऊन अलिबागला आले. म्हातारीचे पाय गेलेले, उचलून ठेवावं लागायचं. समुद्र जवळून बघायचा एवढीच तिची हौस. मी साहेबांना म्हटलं, "माझा जन्मच या वाळूतला." खोटं. आमचं गाव पोयनाडकडं, समुद्र आम्हाला ठाऊक तो बाजारातल्या सुकटीपुरता.

आलो त्या दिवशी दुपारी पाणी लांब गेलेलं, वाळू रस्त्यासारखी घट्ट. मला वाटलं, समुद्राचीबी साहेबांसारखी जेवायची वेळ ठरलेली. भरती रोज पुढं सरकते हे भात लावणाऱ्याला कुठलं ठाऊक? आठवड्यानं त्याच वेळी मी साहेब आन् म्हातारीला घेऊन मोटर जवळच्या नागावच्या वाळूत घातली.

कडेला एक कोळीण बोंबील वाळवत बसली होती. जनाबाय. तिच्या पोराची होडी आदल्या पावसाळ्याच्या तोंडाला गेली ती आलीच न्हाय. मासळी पालटताना तिची नजर पाण्यावरच असायची, म्हणून तिला सगळे ओळखत.

"कुठं चाललास रं? पानी फिरलंय."

"मावशे, मोटर हाय ही. तुझी होडी न्हाय."

"व्हय, होडी बरी. ती तरंगते."

साहेब हसले, मीबी हसलो. थोडं पुढं गेलो आन् मागची चाकं बसली. रेस दिली तशी आणखी आत. पुढून लाटा, मागं ओहळात पाणी चढत होतं. साहेबांनी आईला उचलायला बघितलं, दोन पावलांत स्वतःच मांडीपर्यंत रुतले. कसेबसे सुटले आन् वाडीतनं माणसं आणायला पळत सुटले. मोटरीत मी आन् म्हातारी. पाणी दाराशी आलं.

"तू जा रे," म्हातारी म्हणाली. "तुला पाय आहेत."

पाय होते, पण ते माझं ऐकत नव्हते. मी स्टेअरिंगला मिठी मारली आन् डोळे मिटले.

आन् मागनं आवाज आला... "हैस्सा... हैस्सा." पुष्कळ माणसांचा, होडी वर ओढताना घालतात तसा. मोटर हलली. इंजिन बंद होतं, मी शपथेवर सांगतो. मोटरीचा कापडी टप मागं लावलेला, म्हातारीला काही दिसत नव्हतं. ती नुसती म्हणत होती, "सावकाश रे बाबांनो." मला मान बाहेर काढून बघता आलं असतं. मी न्हाय काढली.

आवाज थांबला तेव्हा मोटर केवड्याच्या कुंपणाशी कोरड्यात उभी. मागं पाणीच पाणी. तेवढ्यात साहेब वाडीतली माणसं घेऊन धावत आले.

"तुम्ही आत्ता येताय? मग मघाशी कोण होतं?"

सगळे चाकांखाली बघत होते. कोळी होडी वर घेताना वाळूत तेल चोपडलेल्या फळ्या घालतात, तशा फळ्या चाकांखाली होत्या. तेल ताजं. आन् त्या दिवशी त्या किनाऱ्यावर एकबी होडी नव्हती.

जनाबाय मागनं आली. एका फळीच्या टोकाला जळल्याचा डाग होता, तिथं तिनं बोट ठेवलं.

"ही आमची. चुलीवर पडली व्हती एकदा. पोर होडीसंगं घेऊन गेला."

मग माझ्याकडं वळली. "कोन कोन व्हते रं?"

आयुष्यात मला उत्तर सुचलं न्हाय असं झालं न्हाय. खोटं तर तोंडातच असतं माझ्या. पण ती असं बघत होती की...

"मावशे, मी डोळे मिटले होते."

"एकदा पन न्हाय बघितलंस?"

"न्हाय."

तिनं फळी डोक्यावर घेतली आन् गेली.

म्हातारी पुढं खूप वर्षं जगली. साहेबांनी तर्क केले, भरतीनंच मोटर उचलली म्हणे, फळ्या वाहून आल्या. असेल. मग तेल ताजं कसं, ते त्यांनाबी सांगता आलं न्हाय आन् मलाबी. लोक मला विचारतात, भूत कसं दिसतं? त्यांना काय... गंमत हवी असते. ज्या बाईला खरंच कळायला हवं होतं, तिलाच मी सांगू शकलो न्हाय.