चुळमाळ

या, अशा जवळ सरका. दारातूनच ‘बऱ्या आहात ना’ विचारून पळायचं, ही कुठली रीत? बसा. मी आज संतापलेय आणि ऐकायला कुणीतरी हवंय.

आमच्या धाकट्या भाऊजींसारखा शब्दांचा कारखाना उभ्या नगर जिल्ह्यात दुसरा नाही, आणि इथे कारखाने काही कमी नाहीत. जन्मभर एसटीत कंडक्टरकी केली, तिकिटं फाडता फाडता शब्द जुळवले. दर रविवारी सावेडीहून संगमनेरला यायचे, माझ्यासमोर लसूण सोलत बसायचे आणि एकदम म्हणायचे, “वहिनी, ‘भुंगरट’! अर्थ सांगा.” शब्द त्यांचा, अर्थ माझा, अशी आमची तीस वर्षांची वाटणी. मी शाळा पाहिली चौथीपर्यंत, पण त्यांच्या तोंडाकडे बघितलं की अर्थ सापडायचा. भुंगरट म्हणजे जेवून उठल्यावर पुन्हा भाकरीच्या टोपल्याकडे बघणारा. ते लाजले, मी आणखी एक वाढली.

एकदा निघता निघता म्हणाले, “चुळमाळ.” पिशवी तिसऱ्यांदा उघडून चष्मा आहे का बघत होते. मी म्हटलं, “जायचं असतं पन पाय निघत न्हाई, तवा मानूस करतो ती.” हसण्याच्या नादात कंडक्टरचीच एसटी चुकली.

मग त्यांच्या मोबाईलात ते मेलं एआय आलं. काहीही विचारा, त्याला ठाऊक! वर ‘फार सुंदर शब्द आहे’ असं कौतुक. ते मी तीस वर्षांत एकदाही केलं नव्हतं. रविवार बंद पडले. गेल्या महिन्यात माझ्या नातीचे दागिने घ्यायला गेलो, तर भाऊजी सोनाराला म्हणतात, “पोरीला चुळमाळ दाखवा.” सोनार कसला हटतो! “ऑर्डर द्यावी लागेल, साहेब.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “अवं, त्यो तुमचाच शब्द! माझ्या वट्यावर केल्याला!”

“न्हाई वहिनी, जुना दागिना हाय. सात पदरी. मोबाईलात सगळी माहिती हाय.”

स्वतःचं लेकरू बाजारात दिसावं आणि बापानं ‘कुणाचं हो हे?’ विचारावं! त्या यंत्राला माझं दार ठाऊक नाही, ठीक. भाऊजींनी विसरावं? त्या दिवशी ते दुकानातूनच तडक स्टँडवर गेले. पिशवी एकदाही उघडली नाही.

काल फोन आला. “वहिनी, एक शब्द झालाय. मोबाईल लई अर्थ सांगतो, एकबी बसत न्हाई.”

“फोनवर सांगायला मी काय मशीन हाय? तोंड दिसल्याबिगर मला जमत न्हाई.”

“बरं. ठेवतो.” ठेवला नाही. “लसूण हाय का घरात?... ठेवतो हं... दादाला सांगा... बरं, ठेवतो.”

भाऊजी, लसूण आहे, न सोललेला. या रविवारी या. परतीच्या एसटीचं मी बघते.