भांडणापुरतं चिनी

भालेरावबाई भांडायला म्हणून चिनी भाषा शिकत होत्या. अंबरनाथच्या आमच्या शाळेत त्या शिवण शिकवत आणि मी भूगोल. मधल्या सुट्टीत आम्ही डबे उघडायचो, तेव्हा बाई खिडकीशी बसून ओठ हलवत शब्द घोकत. नवख्या माणसाला वाटे, बाईंचं काहीतरी पठण चाललंय.

त्यांचा धाकटा भाऊ वामन बासष्टच्या युद्धात गेला. गेला म्हणजे नेमकं काय झालं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. बदलापूरला, हेंद्रेपाड्यातल्या घरी तार आली, तीत 'बेपत्ता' एवढंच होतं. त्यांच्या आईने त्या शब्दावर विसंबून वर्षानुवर्षं वाट पाहिली आणि तशीच वारली. त्या दिवशी बाईंनी ठरवलं, एका तरी चिनी माणसाला गाठायचं आणि विचारायचं, माझ्या भावाला मारून कुठे पुरलंत? तेही त्याच्याच भाषेत. "हिंदीत विचारलं तर कळलं नाही म्हणतील," त्या मला म्हणाल्या. "पळवाट ठेवायचीच नाही."

तेव्हा चीनच्या रेडिओवर हिंदी कार्यक्रम लागायचा. पत्र पाठवलं की भाषा शिकायची पुस्तकं फुकट यायची. बाईंनी गोड पत्र लिहून ती मागवली. शत्रूच्या खर्चाने शत्रूची भाषा शिकण्यात त्यांना विलक्षण समाधान वाटे. पुस्तकं पायरीपायरीने चढत जाणारी होती. पहिल्या भागात मोजके शब्द आणि तेवढ्यातच बसवलेल्या गोष्टी, दुसऱ्यात आणखी थोडे. धड्याखाली शब्दांची यादी. ती यादी बाई कापडावर खुणा करायच्या खडूने स्वयंपाकघराच्या दारावर लिहीत आणि पाठ होईल तसा एकेक शब्द ओल्या फडक्याने पुसत.

पण याद्यांमध्ये सगळे 'मित्र', 'चहा', 'स्वागत', 'धन्यवाद' असलेच शब्द. त्यांना हवे होते ते कुठेच नव्हते. दुसऱ्या भागात बदक हरवलेल्या एका मुलीची गोष्ट होती. ती बाईंनी मधल्या सुट्टीत वाचून संपवली. संध्याकाळी स्टेशनकडे जाताना म्हणाल्या, "यांचं बदक सापडतं गं."

'मारणे' हा शब्द आला पाचव्या भागात. तोवर बाईंच्या केसांत पांढरं दिसू लागलं होतं. 'पुरणे' त्याच्याही पुढे.

मध्यंतरी चीनचं टपाल येतं म्हणून साध्या कपड्यांतला एक पोलीस शाळेत चौकशीला आला. बाईंनी त्याला खुर्ची दिली आणि सांगितलं, माझा भाऊ हरवला तेव्हा तुमच्यापैकी कोणी आलं नाही, पुस्तकं आली तर लगेच आलात. तो पाणीसुद्धा न पिता गेला. विहारात भंतेजींनी एकदा समजावलं की वैराने वैर शमत नाही. बाईंनी वाकून वंदन केलं. "भंतेजी, मला शमवायचं नाही," त्या म्हणाल्या. "विचारायचं आहे."

नव्वदनंतर कधीतरी शाळेच्या शिपायाने सांगितलं की उल्हासनगरला एका चिनी माणसाने दातांचा दवाखाना टाकलाय. बाईंचे दात उत्तम होते. तरी शनिवारी शाळा सुटताच त्या मला घेऊन निघाल्या.

डॉक्टर पन्नाशीचा, बारीक, सिंधी गिऱ्हाइकांशी सराईत हिंदीत बोलणारा. बाई त्याच्या खुर्चीत बसल्या आणि इतक्या वर्षांचं ते वाक्य त्यांनी उच्चारलं. त्याला कळलं नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं. तो ओशाळून म्हणाला, घरात आमची बोली वेगळी आहे, लिहिलेलं मात्र वाचता येतं. बाईंनी पर्समधून पेन्सिल काढून त्याच्याच कागदावर वाक्य लिहिलं.

त्याने एकेका अक्षरावर बोट ठेवत ते वाचलं. मग हलक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, मेरा जनम कलकत्ते का है. बासठ की लड़ाई में पुलिस हम चीनी लोगों को घर से उठा ले गई. राजस्थान के कैंप में रखा. मेरा बाप उधरीच मरा. किधर गाड़ा, हमको भी नहीं मालूम."

मला वाटलं, आता बाई विरघळणार. त्या खुर्चीतून उतरल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "तो आप भी पूछो. छोड़ना मत."

त्याने मान हलवली. मग पेन्सिल घेऊन त्यांच्या वाक्यातली चुकलेली एक रेघ दुरुस्त केली आणि कागद परत दिला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, राग गेला का? बाई म्हणाल्या, "आता तो एका देशात मावत नाही."

पुढे दरवर्षी दोन पत्रं जाऊ लागली. वामनसाठी चिनीतलं पेकिंगला, डॉक्टरांच्या वडिलांसाठी हिंदीतलं दिल्लीला. चिनी पत्र डॉक्टर तपासत, हिंदी बाई लिहीत. पेकिंगहून एकदा रंगीत कॅलेंडर आलं. बाईंनी ते बंबात घातलं. दिल्लीहून काहीच आलं नाही.

निवृत्तीनंतर थोड्याच काळात बाई गेल्या. शोकसभेत कोणीतरी म्हणालं, अखेर त्यांना शांती लाभली. मला हे अजिबात खरं वाटलं नाही. त्या रागातच गेल्या, आणि त्या रागाने त्यांना शेवटपर्यंत ताठ ठेवलं होतं. बाहेर डॉक्टर उभे होते. त्यांनी पत्रांचं विचारलं. मी म्हटलं, चिनी तुम्ही लिहा, दिल्लीचं मी लिहीन.

लिहून दाखवायला नेलं. त्यांनी सावकाश वाचलं, पेन काढलं आणि पहिल्याच ओळीतला 'कृपया' खोडला.

"मॅडम ये नहीं लिखती थी," ते म्हणाले.